मोटरहोमने युरोपातली युद्धसंग्रहालयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात मोटरहोम भाड्याने घ्यायची हे ठरलेलं असतं आणि घरातल्या एकाला तरी रणगाडे, खंदक नाहीतर पाणबुडी बघायची असते. बाकीचे विचारतात, "हे सगळं जमणार कसं?" अशा घरांतून वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे आहेत, पुढे अडचणीचे.

१. युद्धसंग्रहालय बघायला मोटरहोमच कशाला? ट्रेन आणि हॉटेल आहेच की.

राजधानीतल्या संग्रहालयांसाठी ट्रेनच बरी. पण रणगाड्यांची संग्रहालयं शहरात नसतात. जिथे सैन्य रणगाडे चालवायला शिकलं, तिथेच ती उभी राहिली: इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या माळावर बोव्हिंग्टन, जर्मनीत ल्युनेबर्गच्या माळावर मुन्स्टर. लढायांची संग्रहालयं तर लढाई झाली तिथेच असणार. नेदरलँड्समधलं ओव्हरलून, बेल्जियममधलं बास्तोन आणि फ्रान्समधलं व्हर्दं ही सगळी लहान गावं नाहीतर जंगलं आहेत. बस क्वचित येते आणि संध्याकाळी बंद होते.

याहून मोठं कारण वेगळं आहे. संग्रहालय पाच-सहा वाजता बंद होतं, रणभूमी होत नाही. बास्तोनच्या संग्रहालयात डिसेंबर १९४४ चा वेढा समजून घ्यायचा आणि लगेच फॉय गावाजवळच्या जंगलात जायचं. अमेरिकन सैनिकांनी गोठलेल्या जमिनीत खणलेले खड्डे तिथे अजून दिसतात, पाचोळ्याने निम्मे भरलेले. नकाशावरचा बाण आणि समोरचा खड्डा एकाच संध्याकाळी जोडले जातात. मोटरहोम घ्यायची ती यासाठी.

२. एका दिवसात किती संग्रहालयं होतात?

एक. नॉर्मंडीचा नकाशा उघडला की किनाऱ्यावर ओळीने संग्रहालयं दिसतात आणि "दहा किलोमीटरवर तर आहे" असं म्हणत लोक दिवसात तीन-चार उरकतात. तिसऱ्या ठिकाणी काचेमागचा गणवेश हा नुसता आणखी एक गणवेश असतो. मन भरलेलं असतं, डोळे नुसते फिरत राहतात.

सकाळी एक संग्रहालय आणि दुपारनंतर त्याच लढाईची जागा किंवा दफनभूमी, हा क्रम ठेवा. आरोमांशमध्ये मित्रराष्ट्रांनी समुद्रात बांधलेल्या कृत्रिम बंदराची गोष्ट बघितलीत की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरा. काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून पाण्यात आहेत. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवली तर दिवसाची आखणी आपोआप होते.

डक्सफर्डला मात्र पूर्ण दिवस द्या. केंब्रिजजवळचा तो खराखुरा विमानतळ आहे. १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत इथून लढाऊ विमानं उडाली. एका हँगरपासून दुसऱ्यापर्यंत इतकं चालावं लागतं की दुपारनंतर दुसरं काही करायची ताकद राहत नाही.

३. पहिल्याच सहलीसाठी एकच निवडायचं असेल तर?

यंत्रांची ओढ असेल तर बोव्हिंग्टन. १९१५ सालचा 'लिटल विली' हा रणगाड्याचा पहिला नमुना तिथे आहे. १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला जर्मन 'टायगर १३१' तिथे आजही चालत्या स्थितीत आहे. फ्रान्समधल्या सोम्यूरचा संग्रह त्याहून विस्तीर्ण, शेकडो वाहनांचा.

यंत्रांपेक्षा माणसं समजून घ्यायची असतील तर बेल्जियममधलं ईपर. मध्ययुगीन कापडबाजाराच्या इमारतीत पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. ती इमारत युद्धात जमीनदोस्त झाली होती, आज दिसते ती पुन्हा बांधलेली. तिथून चालत मेनिन गेटपर्यंत जाता येतं. ज्यांच्या मृतदेहांचा पत्ता लागला नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं त्या कमानीवर कोरलेली आहेत, त्यांत भारतीयही आहेत. १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता 'लास्ट पोस्ट' ही बिगुलाची धून वाजवली जाते. खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याच्या काळात. एका दिवसासाठी आलेले बसचे प्रवासी बहुधा संध्याकाळी निघून जातात. तुमची गाडी गावाबाहेरच्या कॅम्पिंगवर उभी असेल तर तुम्हाला घाई नाही.

माझं मत विचाराल तर पहिली निवड ईपर, घरात रणगाड्यांचं वेड असलं तरी.

४. नेव्हिगेशनमध्ये मुन्स्टर टाकलं आणि भलत्याच शहरात पोचलो. रणगाडे कुठे आहेत?

ही चूक बरेच जण करतात. रणगाड्यांचं मुन्स्टर लोअर सॅक्सनीत आहे, हॅम्बुर्ग आणि हॅनोवरच्या मधल्या माळावर. म्युन्स्टर हे वेस्टफालियातलं मोठं विद्यापीठाचं शहर. जर्मन लिपीत फरक फक्त एका अक्षरावरच्या दोन टिंबांचा, रस्त्यावर तो दोनशे किलोमीटरहून जास्त. गावाचं नाव न टाकता संग्रहालयाचं पूर्ण नाव किंवा पिनकोड टाका.

५. संग्रहालयाच्या पार्किंगमध्ये मोटरहोम मावेल का?

गावाबाहेरच्या संग्रहालयात शाळांच्या बस येतात, त्यामुळे जागा असते. अडचण होते ती उंचीची. पार्किंगच्या तोंडाशी आडवा लोखंडी दांडा असतो आणि तो बहुतेक वेळा दोन मीटरच्या आसपास असतो. मोटरहोमची उंची २.७ ते ३.२ मीटर. निघायच्या आधी उपग्रहचित्रात पार्किंगचं तोंड बघून घ्या. बससाठी वेगळा रस्ता दिसला तर विचारून तिथून जा.

गाडीची उंची कागदावरची धरू नका. छतावरची डिश, एसी, सौरपट्ट्या धरून स्वतः मोजा आणि आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा. ब्रिटनमध्ये पुलांवर उंची फूट-इंचांतही असते, तेव्हा दोन्ही लिहा: ३ मीटर म्हणजे सुमारे ९ फूट १० इंच.

मोटरहोमचा मागचा भाग मागच्या चाकांच्याही बराच मागे गेलेला असतो, वळताना तो उलट्या बाजूला फिरतो. स्मारकांच्या अरुंद वाटांवर दगडी कठडे असतात. एकाने खाली उतरून मागे उभं राहावं, लाजायचं काही नाही.

६. पॅरिस, व्हिएन्ना, ड्रेस्डेनसारख्या शहरांत काय करायचं?

गाडी कॅम्पिंगवर सोडा आणि ट्रेन, ट्राम पकडा. पॅरिसच्या अँव्हालीदपाशी, म्हणजे तिथल्या लष्करी संग्रहालयापाशी, मोटरहोम नेण्याचा विचारही नको. व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात २८ जून १९१४ ला सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनंड ज्या मोटारीत मारला गेला ती मोटार आहे, आणि त्याचा रक्ताळलेला अंगरखाही. तिच्यासमोर उभं राहताना पार्किंगची चिंता डोक्यात नसावी.

जर्मनीच्या बऱ्याच शहरांत पर्यावरण क्षेत्रात (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागात) शिरायला काचेवर हिरवं स्टिकर लागतं. भाड्याच्या गाडीवर ते आहे का, हे ताब्यात घेतानाच बघा. इटलीतल्या जुन्या गावांत कॅमेऱ्याने राखलेली वाहनबंदी क्षेत्रं असतात. चुकून शिरलात तर दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

७. रात्री संग्रहालयाच्याच पार्किंगमध्ये झोपलं तर चालेल का?

पाटी बघा आणि स्वागतकक्षात विचारा. ऑनलाइन मिळालेला "आम्ही राहिलो होतो" हा दाखला परवानगी नव्हे. देशागणिक रीत वेगळी आहे. जर्मनीत बंदीची पाटी नसेल तर गाडी चालवण्याइतपत ताजंतवानं होण्यासाठी रस्त्यालगत एक रात्र थांबणं चालतं. फ्रान्समध्ये नुसतं उभं राहणं वेगळं आणि खुर्च्या-छत काढून पसरणं वेगळं, दुसरं 'कॅम्पिंग' ठरतं. नेदरलँड्समध्ये रस्त्यावर झोपायला साधारण बंदी आहे. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते.

हे सगळं टाळायला फ्रान्समध्ये 'एर द काँपिंग-कार' आणि जर्मनीत 'श्टेलप्लाट्झ' आहेत: मोटरहोमसाठीच राखलेल्या जागा. बऱ्याच ठिकाणी पाणी भरायची, सांडपाणी आणि संडासाची कॅसेट रिकामी करायची सोय असते. सांडपाणी दुसरीकडे कुठेही सोडू नका.

दफनभूमीच्या पार्किंगमध्ये मात्र पाटी नसली तरी झोपू नका. कुणी अडवेल म्हणून नाही. सकाळी तिथे कुणाचे तरी नातेवाईक फुलं घेऊन येतात आणि समोर आपले टॉवेल वाळत असतात, हे बरं दिसत नाही.

८. आम्ही चार-पाच तास आत असणार. फ्रिज, गॅस, सामान, कुत्रा यांचं काय?

इंजिन बंद झालं की गॅसवर चालणारा फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालत नाही, तो गॅसवर जातो. तो नीट चालायला गाडी सपाट जागी हवी. आवारात गॅस चालू ठेवायला मनाई असेल तर फ्रिज बंद ठेवा. दार न उघडता तो चार-पाच तास थंड राहतो.

पासपोर्ट, पैसे, कॅमेरा सोबत न्या. पुष्कळ संग्रहालयांत मोठ्या पाठपिशव्या आत नेता येत नाहीत, त्यामुळे लहान खांदापिशवी वेगळी ठेवा. पडदे ओढून घ्या, डॅशबोर्ड रिकामा ठेवा.

कुत्र्याला उन्हाळ्यात गाडीत ठेवून जाऊ नका, खिडकी उघडी ठेवूनसुद्धा. गाडी तासाभरात भट्टी होते. नॉर्मंडीतल्या कोलव्हिलच्या अमेरिकन दफनभूमीतही पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही. दोघांनी आळीपाळीने आत जाणं हाच मार्ग.

९. रणगाडे चालताना बघायचे आहेत. कधी जावं?

बोव्हिंग्टनला टायगर वर्षातून मोजक्याच दिवशी बाहेर काढतात. त्या दिवसांची तिकिटं आधीच संपतात, म्हणून तारीख ठरल्यावरच मोटरहोमचं आरक्षण करा. सोम्यूरच्या संग्रहात चालू स्थितीतला 'किंग टायगर' आहे, पण तोही रोज चालत नाही.

एरवीच्या शांत दिवसाचंही मोल आहे. रिकाम्या दालनात टायगरच्या शेजारी उभं राहिलं की त्याच्या पोलादाची जाडी कळते, आणि आत पाच माणसं बसायची हे कळल्यावर गप्प व्हायला होतं.

१०. सहा जूनला नॉर्मंडीत जाणं चांगलं की वाईट?

१९४४ मध्ये याच दिवशी मित्रराष्ट्रांचं सैन्य या किनाऱ्यावर उतरलं. वातावरण अनुभवायचं असेल तर चांगलं, संग्रहालयं बघायची असतील तर वाईट. जुन्या जीपचे ताफे फिरतात, रस्ते बंद होतात, कॅम्पिंगची जागा कितीतरी महिने आधी भरते. सप्टेंबर मला सर्वांत आवडतो. हिवाळ्यात मात्र तिथली काही लहान संग्रहालयं काही आठवडे बंद असतात.

११. मुलांना कुठल्या वयात न्यावं?

वयापेक्षा जागा महत्त्वाची. विमानं आणि रणगाडे सहा-सात वर्षांच्या मुलालाही आवडतात. व्हर्दंजवळचं दुओमाँचं अस्थिस्मारक वेगळं आहे. १९१६ मध्ये २१ फेब्रुवारीपासून १८ डिसेंबरपर्यंत चाललेल्या लढाईतल्या सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी तिथे आहेत. बाहेरच्या भिंतीतल्या लहान खिडक्यांतून त्या दिसतात, अगदी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आधी स्वतः बघून या, मग ठरवा.

आत जाण्यापूर्वी गाडीतच दहा मिनिटं बोला: कोण कुणाशी लढत होतं, का, किती दिवस. मूल मध्येच "पुरे" म्हणालं तर पुरे. एक जण त्याला घेऊन गाडीत परत येऊ शकतो. आपलं अंथरूण आणि खाऊ पार्किंगमध्येच आहे, हा मोटरहोमचा मोठा आधार आहे.

१२. गुडघे दुखतात, बंद जागेची भीतीही वाटते. काय टाळावं?

कीलजवळ लाबोच्या किनाऱ्यावर ठेवलेली यू-९९५ ही पाणबुडी. आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडपेतून वाकून जावं लागतं आणि मागे रांग असते. बाहेरून मात्र ती अवश्य बघा. तिथला नौदल स्मारकाचा ७२ मीटरचा मनोरा वेगळा बघता येतो.

फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीच्या सीमेवर बांधलेल्या माजिनो तटबंदीतला हाकनबर्ग किल्लाही लांबलचक भुयारांचा. एका टप्प्यात तिथल्या जुन्या विजेच्या रेल्वेने नेतात, तरी चालणं आहेच. आत बाराही महिने सुमारे १२ अंश तापमान असतं, तेव्हा जुलैतही स्वेटर न्या. इथे वाटाड्यासोबतच जाता येतं आणि किल्ला रोज उघडा नसतो.

१३. जंगलात जुनं काडतूस किंवा तोफगोळ्याचा तुकडा सापडला. घेऊ का?

नाही. हातही लावू नका. व्हर्दं आणि ईपरच्या परिसरात शंभर वर्षांनंतरही शेतकऱ्यांच्या नांगराला न फुटलेले गोळे लागतात. त्यांतल्या काहींमध्ये विषारी वायू आहे. गंजलेला म्हणजे निकामी नव्हे, उलट गंजाने तो अधिक बेभरवशाचा होतो. जागा लक्षात ठेवा, मागे फिरा, ११२ वर कळवा. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय मेटल डिटेक्टरने ऐतिहासिक वस्तू शोधणं हा गुन्हा आहे. आणि ज्या जमिनीत अजून माणसं आहेत, तिथून आठवण म्हणून काही उचलायचं नसतं.

१४. मग दुकानातून विकत घेतलेलं निकामी काडतूस तरी?

जमिनीवरून हिंडताना कुणी विचारणार नाही, पण परतीचा प्रवास आठवा. विमानतळावरच्या तपासणीत खरं-खोटं, निकामी-जिवंत हा भेद तुमच्या शब्दावर होत नाही. लंडनला जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेत युद्धातल्या गोळ्यांना बंदी आहे. पुस्तक किंवा नकाशा घ्या.

पुस्तकांचंही वजन मोजा. ३,५०० किलोपर्यंतची मोटरहोम साध्या मोटारीच्या, म्हणजे बी वर्गाच्या लायसन्सवर चालते, पण माणसं, सायकली, शंभर लिटर पाणी भरलं की त्या मर्यादेत फार थोडं शिल्लक राहतं. वजन जास्त भरलं तर दंड होतो.

१५. नाझी चिन्हं असलेल्या वस्तूंबद्दल नियम काय?

जर्मनीत अशी चिन्हं जाहीर दाखवणं किंवा वाटणं हा गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांना सवलत असल्याने संग्रहालयात ती दिसतात. ती सवलत तुमच्या टी-शर्टला किंवा मोटरहोमच्या काचेवरच्या स्टिकरला नाही. रणगाड्यासमोर हात वर करून काढलेला 'गमतीचा' फोटो हाही गुन्हाच, आणि ती गंमत नव्हेच. ऑस्ट्रियाचे कायदेही कडक आहेत.

१६. कोबारीदला व्हर्शिच घाटातून जाऊ का?

स्लोव्हेनियातलं कोबारीदचं संग्रहालय लहान, पण विलक्षण आहे. २४ ऑक्टोबर १९१७ ला इथूनच इटलीची आघाडी कोसळली. व्हर्शिच घाट १,६११ मीटर उंच आहे, त्याला ५० नागमोडी वळणं आहेत आणि तो रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांनी बांधला. १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले कितीतरी मेले. त्यांच्या साथीदारांनी उभारलेलं लाकडी चर्च रस्त्यालगत आहे. मोठी मोटरहोम घेऊन मी तिथे जाणार नाही. तार्व्हिसिओकडून प्रेडिल खिंडीने उतरा, ती १,१५६ मीटरचीच आहे. व्हर्शिच बघायचाच असेल तर क्रान्स्का गोराहून बसने.

१७. भारतीय, विशेषतः मराठी सैनिकांच्या खुणा कुठे बघता येतील?

उत्तर फ्रान्समध्ये नव्ह-शापेल. १० ते १३ मार्च १९१५ च्या लढाईत हल्ला करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे सैनिक भारतीय होते. रस्त्याच्या चौफुलीवर गोल स्मारक आहे, मधे उंच स्तंभ, दोन्ही बाजूंना दगडी वाघ आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. तिथे तिकीट नाही, दालन नाही, बरेचदा दुसरं माणूसही नाही. ईपरहून हे अंतर फार नाही आणि मोठ्या संग्रहालयांपेक्षा तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटतं.

मराठी माणसाची वाट मात्र इटलीत जाते. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे धावून गेले, ते ठाणं त्यांनी मोडलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. त्यांची समाधी नाही, नाव इटलीतल्याच कसीनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. उंब्रियातल्या मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. गाव टेकडीवर आहे आणि गल्ल्या अरुंद, तेव्हा गाडी खालीच ठेवून चढून जा.

९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना माऱ्यातून, पाण्यातून पलीकडे आणलं आणि मग मशीनगनची तीन ठाणी मोडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत घरी परतले.

१८. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते. त्यांचं नाव कुठे असेल?

आधी हे बघा की ते परत आले होते का. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या ऑनलाइन यादीत फक्त मृतांची नोंद असते. दुसरं, पलटण कुठली होती? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, त्यामुळे तिथे पडलेल्यांचं नाव युरोपात शोधून सापडणार नाही, ते बसऱ्याच्या नोंदींत बघावं लागेल. फ्रान्समध्ये जखमी होऊन इंग्लंडच्या रुग्णालयात वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी काहींचं दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभारली गेली. तिथवर गाडी जात नाही, माळावरून चालावं लागतं.

नाव शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आडनाव बरेचदा गाळलं. जाधव, जाधो, जादव असं सगळं टाकून बघा. गावाचं आणि वडिलांचं नाव काही नोंदींत असतं, ओळख त्यावरून पटते. नाव सापडलं तर फळीचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्या, कारण हजारो नावांच्या भिंतीसमोर उभं राहून शोधणं फार अवघड जातं. अनेक दफनभूमींच्या दाराशी भिंतीतल्या लहान पेटीत नोंदवही असते, तिच्यातही बघा. सोबत अभिप्रायाची वही असेल तर तिच्यात मराठीत लिहा.